टोपीवाली आणि भुरी

४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोन करत नाहीस म्हणून रुसायचा काळ केव्हाच संपला. दिवसभर लोकांच्या कानात शिट्ट्या वाजवून त्यांना ऐकू येतं की नाही ते तपासणारी बाई संध्याकाळी आणखी एक यंत्र कशाला कानाला लावेल, हे आता मलाही पटलंय. पत्रंच बरी. निदान मी तुला मधे तोडत नाही.

तर बातमी अशी, की मी उंदीर पाळलेत. हसून झालं की पुढे वाच. पुस्तकबांधणी करणाऱ्या बाईने उंदीर घरात आणणं म्हणजे काय ते मला कळतं, समोरच्या दंतवैद्यांनी आठवण करून द्यायची गरज नव्हती. पण झालं असं. कोपऱ्यावरच्या पाळीव प्राण्यांच्या दुकानावरून चालले होते, काचेच्या पेटीत कागदाच्या चिंध्या टाकलेल्या दिसल्या. छापील कागद होता, जुना, जाड, हाताने जुळवलेल्या टाइपाचा. कुठल्या पुस्तकाचं वाटोळं केलं बघावं म्हणून वाकले, तर चिंध्यांच्या तळाशी दोन जिवांचा एक गोळा थरथरत होता. दुकानदार म्हणाला, माद्या आहेत, बहिणी असाव्यात, आणि फार बुजऱ्या आहेत, कुणी घेत नाही. पुस्तक कुठलं ते त्यालाही माहीत नव्हतं. मी दोघींना चिंध्यांसकट घेऊन आले. एकीच्या डोक्यावर काळं आहे, तिला टोपीवाली म्हणते. दुसरी मळक्या पिवळ्या रंगाची, ती भुरी. पिंजरा लेकीच्या खोलीत ठेवलाय. ती नोकरीला लागून गेल्यापासून खोली रिकामीच होती.

आता तुझा खरा प्रश्न. तुझ्या गावच्या ग्रंथालयाला मी अजून कळवलेलं नाही. तळघरात पाणी शिरून त्यांचे ग्रंथ भिजले, ते सोडवून, सुकवून, पुन्हा बांधायचं वर्षभराचं काम. असं काम मला पुन्हा कोणी देणार नाही हे मला ठाऊक आहे. वीस मार्चपर्यंत उत्तर हवंय, एक एप्रिलला रुजू. तुझ्या दादाला विचारलं तर त्यांनी गिऱ्हाइकासाठी घडवत असलेली हातातली कवळी उजेडात धरून तिचे दात पाहिले आणि म्हणाले, तुला बरं वाटेल तसं कर. घराला आग लागली आणि बाहेर पडू का विचारलं तरी हे हेच म्हणतील. सव्वीस वर्षं झाली. एकदा जा म्हणावं, नाहीतर जाऊ नको म्हणावं. मी घरभर येरझारा घालते, कामावर बसले तरी पाय हलत असतो. सुई तीनदा ओवते आणि शिवण एकदाच घालते.

आणि आता या दोघी. त्या माझ्या हाताला सरावल्या, की मग त्यांना तुझ्या दादाच्या हाताची सवय लावायची आणि मगच मी निघायचं, असं मी मनाशी धरलंय. घाबरलेल्या जिवांना टाकून जायचं माझ्याने होणार नाही.

तुझ्या मांजराला माझा नमस्कार. लोभ आहे तेवढा राहू दे, वाढला तर कळव.

तुझी,
वहिनी


९ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनीस,

सा. न. वि. वि.

पत्र वाचताना मांजर मांडीवर होतं. त्याला तुझी बातमी मोठ्याने वाचून दाखवली, त्याने कान टवकारले. तेव्हा उंदीर इकडे आणायचा विचार असेल तर सोडून दे. तू एकटी ये. खोली तयार आहे, खिडकीखाली लांब टेबल लावलंय.

वहिनी, तुला एक बोलू का? गावाला जायचं ठरत असताना घरात नवीन प्राणी आणणारी बाई मी पहिलीच पाहिली. ते काम तुझ्यापर्यंत पोचावं म्हणून मी ग्रंथालयातल्या बाईंच्या आईचे कान दोनदा फुकट तपासले, आणि तू कागद बघायला वाकतेस आणि पायात दोन लोढणी बांधून उठतेस. शाळेत असताना तू माझी वह्या-पुस्तकं शिवून द्यायचीस तेव्हापासून मी तुला ओळखते. तुला जायचंय. आणि दादाने अडवावं असंही वाटतंय. तो अडवत नाही म्हटल्यावर तू उंदरांवर भिस्त ठेवलीस.

रागावू नकोस. रागावलीस तरी पुढचं पत्र पाठव, कारण मला आता त्या दोघींचंही कळायला हवं. खातात का? अंगावर येतात का? आमच्याकडे नवीन मूल तपासायला आलं की मी आधी त्याच्याकडे बघतच नाही. जमिनीवर बसते आणि माझंच काहीतरी करत राहते. थोड्या वेळाने ते स्वतःच जवळ येतं. तू पण तसंच करून बघ.

दादाला सांग, मला लिही म्हणावं. त्याच्या पत्रात तीन ओळी असतात, त्यातली एक हवेबद्दल असते, तरी चालेल.

तुझ्या उत्तरासाठी टपून बसलेली,
धाकटी


१२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अ. आ.

हवा कोरडी आहे. तू लिही म्हणालीस म्हणून लिहितो.

तुझ्या घराला किती मजले चढावे लागतात? तुझ्या वहिनीचा उजवा गुडघा हल्ली दुखतो, ती सांगत नाही. खोलीत थंडी वाजते का? तिला पहाटे उठून काम करायची सवय आहे, तेव्हा टेबलाशी दिवा चांगला हवा. पिवळा नको, पांढरा. ग्रंथालय चालत किती दूर पडतं तेही कळव. सहज विचारतो आहे. तिने अजून ठरवलेलं नाही आणि मी त्यात पडत नाही. तिचं काम आहे, तिला कळतं.

इकडे नवीन काही नाही. महिन्याच्या सुरुवातीला कवळ्या धुवायचं यंत्र घेतलं. छोटं पाण्याचं भांडं असतं, त्यात कवळी सोडायची, पाण्यात बारीक लहरी सुटतात आणि चिकटलेलं प्लास्टर, मेण सगळं आपोआप सुटतं. आधी ब्रशने अर्धा दिवस जायचा. आवाज अगदी थोडा, मधमाशी लांब कुठेतरी असावी तसा. घरात तो आवाज असला की बरं वाटतं. नाहीतर तुझी वहिनी त्या खोलीत, मी या खोलीत, आणि मधे भिंत.

उंदीर आहेत. पिंजऱ्यात लपून असतात. मी जात नाही तिकडे. ती दार लोटून घेते आणि जमिनीवर बसते, तास तास बसते. मुलीच्या वेळीसुद्धा अशी बसलेली मी तिला पाहिली नव्हती. माझ्याशी बोलताना ती उभ्याने बोलते.

मजल्यांचं लक्षात ठेवून कळव.

दादा


२० फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अ. आ. वि. वि.

रागावले होते, दोन दिवस. मग राहवेना म्हणून लिहायला बसले. लोढणी हा शब्द मागे घे, मग बाकीचं खरं आहे असं मानायला मी तयार आहे.

तुझं ऐकून जमिनीवर बसले. दुकानदाराने सांगितलेलं सगळं केलं. हात वरून न्यायचा नाही, कारण वरून येतो तो ससाणा असतो, म्हणून तळहात जमिनीला टेकवून सरकवते. माझ्या जुन्या सदऱ्याचा तुकडा पिंजऱ्यात टाकला, वास ओळखीचा व्हावा म्हणून. चमच्याला दही लावून धरते. वाटाणे सोलून देते. हळू आवाजात काहीबाही बोलत असते, आणि बोलायला काही सुचत नाही म्हणून भिजलेली पुस्तकं कशी सुकवतात ते सांगते. जगात त्या विषयावर इतकं ऐकलेले दुसरे उंदीर नसतील.

आणि उपयोग शून्य. कोपऱ्यात एकमेकींना चिकटून डोळे मिटून बसतात. कधी कधी काहीही कारण नसताना एकदम दोघी ताठ होतात आणि पिंजऱ्याच्या जाळीवर आपटतात. परवा भुरीच्या डोळ्याभोवती लाल दिसलं. मला वाटलं रक्त. तशीच पिशवीत घालून प्राण्यांच्या डॉक्टरकडे पळाले, चपला दोन वेगळ्या. डॉक्टर म्हणाला रक्त नाही, फार ताण पडला की उंदरांच्या डोळ्यांतून असं लाल पाणी येतं. आजार काही नाही, पण घरातली कुठली तरी गोष्ट त्यांना छळतेय, ती शोधा. मांजर आहे का, कुत्रा आहे का, उग्र वास आहे का? मी घरी येऊन सरस, डिंक, रंग सगळं उचलून स्वयंपाकघरात नेलं. आता जेवताना सरसाचा वास येतो. तुझ्या दादाने खिडकी उघडली फक्त.

एक गंमत सांगू? रविवारी त्या बऱ्या असतात. मागच्या रविवारी टोपीवालीने चमच्यावरचं दही खाल्लं, माझ्याकडे बघत खाल्लं. भुरी माझ्या बोटाचा वास घेऊन गेली. मी इतकी हरखले की संध्याकाळी ग्रंथालयाला होकाराचं पत्र लिहून ठेवलं. सोमवारी सकाळी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मला वाटतं माझ्यातच काहीतरी आहे. रविवारी मी शांत असते, बाकीचे दिवस माझ्या आत सारखं काहीतरी धावत असतं, ते त्यांना कळत असणार. माझी ही धावपळच त्यांना बुजवते. असं असेल तर त्या कधीच माणसाळायच्या नाहीत, आणि पत्र टेबलावरच राहील.

मन लागत नाही गं. तू हसवणारं काहीतरी लिही. मोठं लिही.

वहिनी


२४ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि.

मजले दोन. दिवा पांढरा आणलाय. ग्रंथालय चालत पंधरा मिनिटं, रस्ता सपाट. सहज विचारलंस म्हणून सहज सांगितलं.

आता तुझं ते यंत्र. वहिनीचं पत्र काल आलं आणि तुझं मागचं पत्र मी पुन्हा काढून वाचलं. तू तिला यंत्राबद्दल कधी बोलला असशील असं वाटत नाही आणि ती तुला रविवारबद्दल बोललेली नसणार, म्हणून हे मलाच लिहावं लागतंय. रविवारी तू काम करत नाहीस. रविवारी उंदीर बरे असतात.

माणसाच्या कानाची धाव किती ते मी रोज बघते. फार बारीक आवाज झाला की आपल्याला काहीच ऐकू येत नाही. तुझं यंत्र चालतं ते आपल्या कानाच्या कितीतरी वर. तुला जी मधमाशी ऐकू येते ती त्या आवाजाची नुसती शेपटी आहे. उंदरांना तो सगळाच्या सगळा ऐकू येतो. भिंत तुझ्या टेबलाला लागून आहे आणि भिंतीच्या पलीकडे त्यांचा पिंजरा आहे. दादा, त्या दोघी आल्या दिवसापासून कुणीतरी कानाशी किंचाळतंय अशा घरात राहताहेत. वहिनी त्यांना पुस्तकं सुकवायची गोष्ट सांगतेय आणि तू शेजारी कवळ्या धुतोयस.

मी वहिनीला यातलं एक अक्षर लिहिलेलं नाही. तिला वाटतंय दोष तिच्यात आहे. हे तू तिला सांगायला हवंस, मी नाही. यंत्र हलव आणि सांग. उलट केलंस तरी चालेल, आधी सांग आणि मग हलव.

उंदीर माणसाळले की ती निघेल हे मला माहीत आहे आणि तुलाही माहीत आहे. म्हणूनच मी तुला लिहिते आहे.

तुझी,
धाकटी


९ मार्च

चि. धाकटीस,

अ. आ. वि. वि.

तुझं मधलं पत्र मजेचं होतं, मांजर आणि तपासणीच्या खुर्चीचा किस्सा दोनदा वाचला. पण तू काहीतरी लपवतेस असं वाटत राहिलं. असो. इकडे बरंच घडलंय.

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा फार वाईट गेला. तुझा दादा कामात इतका बुडाला होता की विचारू नकोस. ते कवळ्या धुवायचं यंत्र सकाळी सुरू व्हायचं ते दिवे लागेपर्यंत. एवढ्या कवळ्या कुणाच्या, गावात सगळ्यांचेच दात पडले की काय, असं मी म्हटलं तर हसलेसुद्धा नाहीत. रविवारीसुद्धा बसले. रविवारी काम करताना मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. मी मनात म्हटलं, माझ्याकडे बघायला लागू नये म्हणून चाललंय हे.

त्याच रविवारी मी पिंजऱ्यात हात घालून बसले होते. वाट बघत होते, रविवार आहे, आज जवळ येतील. भुरी आली आणि तिने माझ्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला कडकडून चावा घेतला. पार आतपर्यंत. सुई धरायचं बोट. ओरडले नाही, पण डोळ्यांत पाणी आलं. तुझा दादा दारात येऊन उभा होता. त्यांनी बोट धुतलं, पट्टी बांधली, आणि भुरीला काही बोलणार इतक्यात मीच म्हटलं की तिची काय चूक, चूक माझीच असणार, मला जमत नाही, मला कशाचाच सांभाळ नीट करता येत नाही. त्यांचा चेहरा असा झाला, जणू बोट त्यांचंच तुटलंय.

मग उठले, यंत्राची वायर काढली, पाणी मोरीत ओतलं, भांडं उचललं आणि घराबाहेर पडले. रस्ता ओलांडून दंतवैद्यांकडे गेले. त्यांच्या मागच्या खोलीत जागा मागितली आणि मिळाली. दुसऱ्या दिवशी टेबल हलवलं, हत्यारांची पेटी हलवली, साचे टोपलीतून नेले. आता सकाळी डबा घेऊन जातात आणि संध्याकाळी येतात. सव्वीस वर्षं घरात काम केलेला माणूस. मी कारण विचारलं तर म्हणाले, तिथे उजेड बरा आहे. धाकटे, त्या मागच्या खोलीला खिडकी नाही.

मी समजायचं ते समजले. मी जायच्या आधी ते गेले. जा किंवा जाऊ नको म्हणायच्या ऐवजी उठून रस्त्यापलीकडे जाऊन बसले, म्हणजे माझ्या जाण्याची सवय होईल. भिंतीपलीकडून तो बारीक आवाज यायचा, तो आता येत नाही, आणि त्याची मला आठवण येते याचाच राग येतो.

उंदीर मात्र बदललेत. कशाने ते कळत नाही. काल टोपीवाली माझ्या बाहीतून वर चढली, खांद्यावर बसली आणि कानाशी दात घासायला लागली, कर्र कर्र. मी घाबरले, पण डॉक्टर म्हणाला सुखात असले की असंच करतात. मी कागदाच्या पट्टीवर खळ लावत बसले असताना भुरीने येऊन माझ्या चावलेल्या बोटाला लागलेली खळ चाटली. तिला स्वतःची लाज वाटली असावी.

म्हणजे माझी अट पुरी होत आली. मला आनंद व्हायला हवा. मी मोठमोठ्याने भांडी घासतेय.

वहिनी


१३ मार्च

ती. दादास,

सा. न.

माझं पत्र तुला फेब्रुवारी संपायच्या आत पोचलं असणार. यंत्र तू मार्चच्या एक तारखेला हलवलंस. मधले दिवस ते रविवारसकट का चालू होतं ते मी विचारत नाही. मला विचारायची गरज नाही.

पण वहिनीला वाटतंय तू तिला सोडून रस्त्यापलीकडे गेलास. आणि बोटाला चावा बसला तो तिच्याच वेंधळेपणामुळे. तू हे असंच राहू दिलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही, म्हणजे पत्रसुद्धा लिहिणार नाही. तू तिच्यावर जीव टाकतोस हे माझ्या मांजराला माहीत आहे, फक्त तिला नाही. तोंड उघड, दादा. लोकांसाठी एवढे दात करतोस.

धाकटी


१८ मार्च

चि. धाकटीस,

अ. आ. वि. वि.

लबाड मुली, तुला माहीत होतं.

परवा संध्याकाळी ते घरी आले आणि थेट लेकीच्या खोलीत आले. मी जमिनीवर बसले होते, दोघी माझ्या ओच्यात होत्या. ते दाराशीच खाली बसले. गुडघे वाजले तशा दोघी पळाल्या, तर म्हणाले पळू देत, बरोबर आहे त्यांचं. मग त्यांनी सांगितलं. यंत्राचा आवाज, तुझं पत्र, सगळं. पत्र आलं त्या दिवशी यंत्र बंद केलं नाही, उलट जास्त चालवलं, हेही सांगितलं. का, ते मी विचारायच्या आधीच म्हणाले की तू जाऊ नयेस म्हणून. दोनदा म्हणाले.

मला इतका राग आला की मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि सरसाची बाटली उगाच इकडची तिकडे ठेवली. मुक्या जिवांना छळलंत, माझ्या बोटाला छिद्र पडलं, आणि मी पंधरा दिवस स्वतःला दोष देत होते, असं सगळं त्यांना ऐकवलं. ऐकून घेतलं. मग मी रडले. तेही रडले, आणि आमच्या दोघांचंही रडणं विचित्र दिसतं असं मला तेव्हा कळलं, कारण आजवर एकत्र कधी रडलोच नव्हतो. धाकटे, राग खरा आहे, अजून उतरलेला नाही. पण त्याच्याखाली मला इतकं बरं वाटलं की मी तुला सांगू शकत नाही. मी जाऊ नये असं ह्या माणसाला वाटत होतं. एवढंच मला कळायला हवं होतं, आणि ते कळायला दोन उंदीर आणि एक यंत्र लागलं.

तुला वाटेल आता मी राहीन. त्यांनाही तसंच वाटलं असावं, दुसऱ्या दिवशी सकाळी चहा करताना माझ्याकडे चोरून बघत होते. मी ग्रंथालयाचं पत्र त्यांच्याच हातात दिलं आणि टपालपेटीत टाकून या म्हटलं. त्यांनी पत्ता वाचला. टाकून आले. येताना ब्रेड आणायचा विसरले, ते साहजिक आहे. जाऊ नकोस असं कुणीतरी म्हटल्यावर मला जायचं बळ आलं, हे तुला तरी समजेल.

उंदीर इथेच राहतील. तुझ्या दादाकडे. त्या त्यांना घाबरतात, पण ते म्हणाले की माझा आणि त्यांचा हिशेब आहे, मला निस्तरू दे. मी त्यांना हात कसा सरकवायचा ते शिकवतेय. त्यांचा हात कवळीला सरावलेला, फार घट्ट धरतो.

तीस तारखेला गाडीत बसते. स्टेशनवर मांजर घेऊन येऊ नकोस.

तुझी,
वहिनी


१४ एप्रिल

प्रिय,

मायना काय लिहावा यात एक पान फुकट गेलं. तुला आजवर पत्र लिहायची वेळ आली नाही, तू कधी गेलीच नव्हतीस. तेव्हा एवढ्यावर भागव.

धाकटीच्या पत्रावरून कळलं की तुझा गुडघा बरा आहे, आणि पहिला ग्रंथ सुटा झाला. पान न् पान वेगळं निघालं म्हणे. तुझ्याशिवाय ते कुणाला जमलं नसतं. हे मी तुला घरी कधी म्हटलं नाही, आता लिहितो.

माझं काम दंतवैद्यांच्या मागच्या खोलीत चालू आहे. उजेड नाहीच. आता दुपारी डबा खायला घरी येतो आणि लेकीच्या खोलीत बसतो. पहिला आठवडाभर दोघींनी मला तोंड दाखवलं नाही. तू सांगितलंस तसा तळहात जमिनीवर ठेवून बसलो. हात अवघडला, मुंग्या आल्या, वाटाणा तसाच सुकला. मी बोलायचा प्रयत्न केला. कवळ्यांबद्दल सांगितलं, त्यांना ते आवडलं नाही. मग तुझ्याबद्दल बोलायला लागलो. बरंच बोललो. त्या ऐकत होत्या की नाही माहीत नाही, पण मी थांबलो नाही.

मग एकदा कपड्यांना दही लागू नये म्हणून दाराआड टांगलेला तुझा कामाचा एप्रन अंगात घातला. टोपीवाली पाच मिनिटांत बाहेर आली. एप्रनच्या खिशात शिरली आणि झोपली. भुरी अजून माझ्याकडे पाठ करून बसते, पण एप्रनच्या बंदावर बसते. दंतवैद्य काल मला बोलवायला आले आणि मला तसा बघून गेले. त्यांनी कुणाला सांगितलं असेल तर सांगू दे. मी रोज तो घालूनच बसतो.

तू पत्रात विचारलंस की एप्रन धुवायला टाकलात का. टाकला नाही. टाकणार नाही. त्याला तुझा वास आहे, त्याशिवाय त्या माझ्याजवळ येत नाहीत. हे त्यांचं कारण झालं. त्या नसत्या तरी मी धुतला नसता.

तू तिथलं काम घाईने उरकू नकोस. सगळी पानं नीट सुकू दे, मग बांध, मग ये. घरात फार शांत आहे. मी ऐकत असतो.

तुझा